दिवसाचे दिवे

"तात्या गाडीत बसेनात," शैलाताई म्हणाली. "गाडी बिघडलीय म्हणतात. यासीन, तू नक्की काय केलंयस गाडीला?"

मंगळवारची सकाळ होती. मी गॅरेजचं शटर वर करून नुकताच पहिला चहा मागवला होता, तेवढ्यात ती मोरपंखी रंगाची गाडी थेट दारात येऊन थांबली. पंधरा दिवसांपूर्वी मीच तिच्या दिव्यांचं काम करून दिलं होतं आणि त्या कामावर मी स्वतःच भलताच खूश होतो. त्यामुळे तिच्या बोलण्याचा मला आधी रागच आला.

"मी काय करणार? तुम्ही म्हणालात दिवे बंद कर, मी बंद केले. आणि गाडी चालवत तर आणलीत तुम्ही."

"मला चालते रे. त्यांना चालत नाही." ती बाकावर बसली. चेहरा पार उतरलेला होता. "सोमवारचं डायलिसिस चुकलं. आज पाय सुजलेत. आडवं झालं की दम लागतो, म्हणून पहाटेपासून बसूनच आहेत. सांगलीच्या डॉक्टरांनी उद्या सकाळी दहाची वेळ दिलीय. उद्याचंही चुकलं तर पाणी फुफ्फुसात चढेल. मी नर्स आहे, हे मला कुणी समजावून सांगायला नको."

"मग उचलून घाला की गाडीत."

"तेही करून बघितलं. शेजारचे दोघंजण बोलावले होते. तात्यांनी फाटकाची सळी धरली ती सोडलीच नाही. आणि नेलं तरी काय? सुई टोचायला हात त्यांनीच पुढं करायचा असतो. बापाला बांधून टोचू का मी?"

चहा आला होता तो तिच्या हातात दिला.

तात्या म्हणजे ज्ञानू पाटोळे. एसटीत अठ्ठावीस वर्षं ड्रायव्हर, त्यातली शेवटची अकरा तासगाव-सांगली याच रस्त्यावर. रिटायर होऊन पंधरा-सोळा वर्षं झाली होती. बायको वारली, साखरेनं आधी डोळे मंद केले, मग किडन्या नेल्या. शैलाताई त्यांची एकुलती एक लेक. चौदा वर्षं इंग्लंडात नर्स होती, लग्नाच्या भानगडीत पडली नव्हती. बापाला मशीनवर घालावं लागतंय कळल्यावर तिनं तिथलं सगळं आवरलं आणि तासगावला परत आली. येताना आपली वापरातली गाडी जहाजातून आणली. गावात पंधरा दिवस दुसरा विषय नव्हता. सोमवार, बुधवार, शुक्रवार ती स्वतः गाडी चालवत तात्यांना सांगलीला न्यायची आणि दुपारी परत आणायची.

त्या गाडीची एक खोड होती. इंजिन चालू केलं की पुढचे दोन पांढरे दिवे आपोआप लागायचे, टळटळीत उन्हातसुद्धा. तिकडे म्हणे कायदाच आहे तसा. धुकं, ढग, दुपारी तीनला अंधार, तिथं ठीक आहे. पण ही गोष्ट दोन हजार बाराची. तेव्हा आपल्याकडे दिवसा दिवा लावून फक्त दोनच माणसं फिरायची, एक मंत्री आणि दुसरा विसरभोळा. आणि विसरभोळ्याला सांगणं हे समोरून येणारा प्रत्येकजण आपलं कर्तव्य समजायचा. हात वर करून बोटं मिटायची, उघडायची, पुन्हा मिटायची. म्हणजे, बाबा रे, तुझी लाईट चालू राहिलीय. सायकलवाला करायचा, द्राक्षांचा टेम्पोवाला करायचा, ट्रॅक्टरवर मागं बसलेल्या बायासुद्धा करायच्या. बॅटरी दुसऱ्याची आणि जीव यांचा तुटायचा.

चार-पाच महिन्यांत शैलाताई त्याला विटली. "पंचवीस किलोमीटरमध्ये शंभर माणसं मला हात हलवून दाखवतात यासीन. परवा तर हवालदारानं थांबवलं. बंद करून टाक ते दिवे."

"आत्ता करतो," मी म्हणालो. माझ्या दुकानावर 'सर्व प्रकारच्या गाड्यांचे' असं लिहिलेलं होतं, आणि तेव्हा मी तिशीचा होतो.

गंमत म्हणजे गॅरेजमध्ये दिवे लागेनातच. इंजिन चालू, दिवे बंद. मी म्हटलं, ताई, आहेत की बंद. तिनं गाडी रस्त्यावर काढली, दिवे लागले. आत आणली, बंद. असं तीन वेळा झालं. दीड तास मी बॉनेटमध्ये डोकं घालून वायरी चाचपत होतो. शेवटी गाडी जरा पुढं सरकवावी म्हणून तिनं हँडब्रेक सोडला आणि भक्कन दोन्ही दिवे माझ्या तोंडावर. हँडब्रेक ओढलेला असला की ते लागत नाहीत, एवढं साधं होतं. ती हसली. मला ते हसणं लागलं, आणि मग मी जरा जास्तच हुशारी केली. त्या दिव्यांची वायर तोडली. वायर तोडल्याबरोबर आत डॅशबोर्डवर लाल खूण उमटून गाडी किंचाळायला लागली की दिवा गेला, दिवा गेला. तिला फसवायला मी दिव्याच्या जागी एक रेझिस्टन्स, म्हणजे दिव्याइतकाच करंट खाणारा तुकडा, बसवला. गाडीला वाटावं दिवा आहे, आणि दिवा तर नाही. गाडी गप्प बसली. मी हात पुसले. एवढीच माझी करामत.

आणि आता म्हातारा म्हणत होता गाडी बिघडलीय.

तिचा चहा संपेपर्यंत मी गाडी तपासली. ब्रेक, स्टेअरिंग, सीट, पट्टा, एसी, सगळं बघितलं. काही नव्हतं. "ताई, मला त्यांच्याशीच बोलू दे," मी म्हणालो. खरं सांगायचं तर मला म्हाताऱ्याचा मुद्दा खोडायचा होता. माझ्या कामाला नाव ठेवलेलं मला खपत नसे.

तात्या ओट्यावर खुर्चीत बसले होते. अंगात पांढरा सदरा, पाय स्टुलावर, घोटे सुजून गुळगुळीत झालेले. मी जवळ गेल्यावर त्यांनी मान तिरकी करून माझ्याकडे बघितलं. त्यांना समोरचं नीट दिसत नसे, कडेनं जरा बरं दिसे.

"तात्या, मी यासीन. शिकलगार. गाडीत काय बिघाड आहे सांगा. लगेच काढतो."

"तूच व्हय त्यो." ते थोडा वेळ दम घेत राहिले. "गाडी चांगली हुती. तुज्याकडनं आल्यापास्नं बिघडलीया."

"पण काय बिघडलंय?"

"तू मेस्त्री. तू सांग."

मी कपाळाला हात लावला. शैलाताई मागून म्हणाली, "तात्या, हे मुद्दाम त्रास देणं झालं हं."

"तू गप गं." मग मला म्हणाले, "चल. कवलापुरापतोर जाऊन येऊ. तू चालीव, मी बसतो. ह्या बाईला घिऊ नगंस, ही मला गपचिप सांगलीला नील."

ही अट मी मान्य केली. त्यांना धरून गाडीत बसवलं. डाव्या सीटवर बसल्यावर त्यांनी पट्टा लावला, आरशाकडे मान फिरवली आणि उजवा हात मांडीवर ठेवला. तासगाव सोडून आम्ही सांगली रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, छाटणी झालेल्या. समोरून वाहनं येत होती, जात होती. मी कान टवकारून होतो. कुठं खडखड नाही, धक्का नाही.

"काही वाटतंय का तात्या?"

"वाटतंय की."

एक एसटी समोरून आली आणि गेली. मग टेम्पो. मग दोन मोटारसायकली. मग आणखी एक एसटी. प्रत्येक वेळी त्यांचा मांडीवरचा हात दोन बोटं वर यायचा आणि खाली जायचा. हे चौथ्या-पाचव्या वेळी माझ्या लक्षात आलं.

कवलापुरात मी गाडी वळवायला थांबलो, तेव्हा ते म्हणाले, "बगितलंस?"

"काय?"

"किती गाड्या गेल्या? सोळा. त्यात तीन येष्ट्या. एकानं तरी हात केला का?"

मी गिअर टाकता टाकता थांबलो.

"शैला गाडी घिऊन आली तवापास्नं रोज हात यायचा बग. ह्यो रस्ता माजा हाय. येष्टीवाला येष्टीवाल्याला हात करतोच, पर टेम्पोवाला करायचा, मोटरसायकलवाला करायचा. मी बी करायचो. सांगली कवा आली कळायचं न्हाई. तुज्याकडनं गाडी आली आन् समदं बंद. पंधरा दिस झालं, कोण वळखंना. मंग मला सांगलीला का नेत्यात? पोत्यागत न्यायचं, चार तास मशीनला लावायचं आन् पोत्यागत आणायचं. कशापायी?"

एवढं बोलून त्यांना धाप लागली. मी काच खाली केली. शैलाताईला वैताग आणणारे ते शंभर हात म्हाताऱ्यानं एकेक करून आपल्या पदरात घेतले होते. अधू डोळ्यांना बोटांची उघडझाप दिसत नसणार. समोरच्यानं हात वर केला एवढंच कळत असणार, आणि यांनी तो रामराम समजून उलटा हात केला. मी एक वायर तोडली आणि सगळा रस्ता त्यांना विसरला.

परत आल्यावर त्यांना ओट्यावर बसवलं आणि शैलाताईला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. ती तुळशीच्या कट्ट्यावर बसली.

"मला वाटायचं, हे हवेत हात का हलवतात," ती म्हणाली. "मला वाटलं, डासबीस असतील. माझा बाप शेजारी बसून लोकांना सलाम करत होता आणि मी समोरच्यांना शिव्या देत होते."

"मी आत्ता जोडतो वायर. अर्ध्या तासात दिवे चालू."

पण अर्ध्या तासात माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी लावलेला तो रेझिस्टन्स तापून तापून शेजारच्या वायरींवर वितळला होता. जळका वास बॉनेटच्या आत होता, तो सकाळी माझ्या नाकाला कसा लागला नाही कोण जाणे. वायर जोडली, दिवे लागले नाहीत. टेस्ट लॅम्प लावून बघितला, करंटच नाही. हेडलाईटचं बटण दाबलं, तीही मेली होती. पुढच्या सगळ्या दिव्यांना हुकूम देणारी जी एक पेटी असते, तीच गेली होती, आणि ती माझ्यामुळे गेली होती. तसली पेटी सांगलीत नव्हती, पुण्यात नव्हती. मुंबईच्या एका माणसाला फोन केला. तो म्हणाला, इंग्लंडहून मागवतो, तीन आठवडे धर.

मी दोन मिनिटं खोटं बोलायची तयारी करत होतो. पार्ट जुना झाला होता, पाणी गेलं होतं, असलं काहीतरी. मग ओट्यावरचे ते गुळगुळीत घोटे दिसले.

"ताई, मी जाळली ती पेटी," मी म्हणालो. "वायरींचा नकाशा नसताना वायर तोडायला नको होती. पेटी मी मागवलीय, तिचा खर्च माझ्याकडं. तोवर बॅटरीवरून थेट दोन दिवे जोडून देतो. तासाभराचं काम."

तिनं जवळ येऊन वितळलेल्या वायरी बघितल्या. बोट लावून बघितलं. ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"नाही यासीन. जळकं तेवढं काढून टाक, आता एकही वायर लावायची नाही. त्यांना शेजारी बसवून नेते मी, वाटेत पेट घेतला तर त्यांना पट्टा काढून उतरता येणार आहे का?" मग हळू आवाजात म्हणाली, "उद्या सकाळी दहा वाजता, यासीन. मला दिवे नकोत. मला ते गाडीत बसायला हवेत."

जेवायला घरी न जाता मी तासभर गॅरेजमध्ये नुसता बसून होतो. दुपारी दोनच्या सुमाराला उठलो आणि एसटी डेपोत गेलो.

डेपोतल्या ड्रायव्हरांच्या खोलीत पाच-सहाजण होते. कुणी डबा खात होतं, कुणी पंख्याखाली पडलं होतं. मी ज्ञानू पाटोळे हे नाव घेतलं. बहुतेकांनी माना हलवल्या. सगळी नवी पोरं, त्यांच्या भरतीआधीच तात्या घरी बसले होते. माझा धीर सुटला. तेवढ्यात कोपऱ्यातून एकजण उठला. भगवान गेजगे. त्याचं दीड वर्ष उरलं होतं नोकरीचं.

"ज्ञानूतात्या? हाईत अजून?" तो म्हणाला. "मी नवा असताना पयल्या दिवशी त्यांच्याशेजारी बसवलं होतं मला. बरं हाय न्हवं त्यांचं?"

मी सगळं सांगितलं. दिवे, हात, तोडलेली वायर, फाटकाची सळी. एवढ्या लोकांपुढे माझी चूक सांगताना कान तापले होते. पण सांगितली. मोरपंखी गाडी, डाव्या सीटवर पांढऱ्या सदऱ्यातला म्हातारा, उद्या सकाळी नऊला तासगावहून निघणार.

"तुमच्यापैकी जो समोरून येईल त्यानं फक्त हात करायचा. एवढंच मागायला आलोय."

मग डबा खाणारा एक तरुण ड्रायव्हर तोंडातला घास गिळून म्हणाला, "आता ड्रायव्हरला ड्रायव्हरनं हात करायचा, त्यात मागायचं काय असतंय ओ?"

गेजगे म्हणाला, "सांगली डेपोलाबी सांगतो मी. पर समद्यांस्नी कळंल असं न्हाई बग. पलूसच्या, विट्याच्या गाड्याबी असत्यात त्या रस्त्याला."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तात्यांना म्हणालो, "गाडी नीट केलीय. चला बघायला."

"न्हाई वाटली तर?"

"तर कवलापुरातनं परत फिरवू. शब्द देतो."

शैलाताईनं माझ्याकडे बघितलं. तिनं तो शब्द द्यायला सांगितलं नव्हतं. पण तात्या उठले. त्यांना बसवायला आम्हा दोघांना लागलं, आदल्या दिवसापेक्षा ते जड झाले होते. मी मागच्या सीटवर बसलो. शैलाताईनं गाडी काढली.

पहिली दहा मिनिटं माझ्या आयुष्यातली सगळ्यांत लांब दहा मिनिटं होती. टेम्पो गेला, कोण कशाला हात करतोय. मोटारसायकली गेल्या. मग लांबून एसटी दिसली. मी पुढं वाकलो. तात्यांची मान तिरकी झाली, मांडीवरचा हात उचलला गेला. एसटी जवळ आली आणि सुसाट निघून गेली. पाटी विट्याची होती.

तात्यांनी हात खाली ठेवला. शैलाताईच्या मानेवरून घाम उतरत होता. कवलापूरची पहिली घरं दिसायला लागली.

"शैला," तात्या म्हणाले, "फिरीव."

"तात्या, अजून थोडं..."

"शब्द दिलाय पोरानं. फिरीव गाडी."

तिनं वेग कमी केला. इंडिकेटर लावला. आणि तेव्हा समोरच्या वळणावरून लाल एसटी आली. ती जवळ येता येता हळू झाली. तिचा हॉर्न वाजला, एकदा, मग लांबलचक एकदा. ड्रायव्हरच्या खिडकीतून खाकी बाही असलेला एक अख्खा हात बाहेर आला आणि सरळ वर उभा राहिला. गेजगे होता. आमच्या शेजारून जाताना तो ओरडला, "तात्याऽऽ, रामराम!"

तात्यांचा हात वर गेला. दोन बोटं नाही, अख्खा हात, गाडीच्या टपाला लागेपर्यंत. आणि तो तसाच राहिला, एसटी मागं दिसेनाशी झाली तरी.

शैलाताईनं इंडिकेटर बंद केला. तिला रस्ता दिसत नसावा, कारण तिनं मनगटानं डोळे पुसले आणि मगच गिअर टाकला. फिरव, असं तात्या पुन्हा म्हणाले नाहीत.

बुधगावच्या अलीकडे आणखी एक एसटी आली, हात आणि हॉर्न. माधवनगरला एक थांब्यावर उभी होती, तिच्या ड्रायव्हरनं दार उघडून हात केला. हा तोच डबा खाणारा पोरगा. सांगलीत शिरेपर्यंत पाच झाल्या. काही गाड्यांनी केला नाही, पण तात्यांना आता त्याचं काही वाटत नव्हतं. "त्यो नवा दिसतोय," असं म्हणून ते पुढच्या गाडीकडे मान वळवत होते. दवाखान्यात मशीनजवळ त्यांनी आपल्या हातानं बाही वर सारली आणि नर्सला म्हणाले, "टोच, बाय." मी बाहेर येऊन जिन्यात बसलो आणि रडलो. तिशीच्या माणसानं जिन्यात बसून रडावं असं काही झालं नव्हतं, पण रडलो.

पुढच्या सोमवारपासून ते स्वतःहून गाडीत जाऊन बसायला लागले.

तीन आठवड्यांनी इंग्लंडहून ती पेटी आली. शैलाताई गाडी घेऊन आली, सोबत तात्याही होते. गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून त्यांना बसवलं. या वेळी मी नकाशा मिळवला होता, एकेक वायर रंग बघून, नाव वाचून जोडत होतो.

"काय बसवतोस?" तात्यांनी विचारलं.

"दिवे, तात्या. पुढचे सगळे."

"रातचे बसीव. दिवसाचे नगं."

मी बॉनेटमधून डोकं बाहेर काढलं. शैलाताई पाण्याची बाटली उघडत होती, ती थांबली.

"का? दिवे असले की सगळा रस्ता हात करेल तुम्हाला. आधी करायचा तसा."

तात्या हसले. दात थोडेच उरले होते. त्यांनी उजवा हात वर धरला आणि बोटं मिटली, उघडली, मिटली, उघडली.

"ह्यो लायटीचा हात," ते म्हणाले. मग तोच हात सरळ उभा धरला. "आन् ह्यो रामरामाचा. अठ्ठावीस वरसं मी दोनीबी केल्यात. डोळं गेलं म्हणून येवडंबी कळत न्हवतं वाटलं व्हय तुमास्नी?"

मी हातातला पाना खाली ठेवला. "मग... तुम्हाला माहीत होतं? पहिल्यापासून?"

"दुसऱ्या दिवशी कळलं."

"मग उलटा हात का करत होता?"

"हात आला की हात जातोय बाबा. सवय." त्यांनी तो हात मांडीवर ठेवला. "लायटीचा का असंना, समोरचा माज्याकडं बघून करत हुता. घरात कोण बघतंय? ही बिचारी बघती, पर ही बीपी बघती." शैलाताईकडे त्यांनी मान केली नाही, पण आवाज मऊ झाला. "मंग तू त्यो बी बंद केलास. तवा वाटलं, आता पुरं."

"आणि आता दिवे का नकोत?"

"आता खरं हात येत्यात. तू दिवं लावलंस की पुना समदी बोटं हलवाय लागतील. कडंच्या नजरंला सरळ कुटला न् हलता कुटला, लगीच कळत न्हाई मला. दोनी मिसळत्यात. मंग मी हात कुणाला करू?"

ती वायर मी सोडून दिली. टोकाला नीट टेप गुंडाळला आणि बाजूला बांधून ठेवली. त्यानंतर गाडी किंचाळू नये एवढी अक्कल मला आली होती, नकाशात त्याची रीतसर सोय होती.

तात्या त्यानंतर पावणेदोन वर्षं जगले. एकही सोमवार, बुधवार, शुक्रवार चुकला नाही. गेजगे रिटायर झाला तेव्हा त्याच्या निरोपाला त्यांना खुर्चीतून डेपोत नेलं होतं.

आता सगळ्या नव्या मोटारसायकलींचे दिवे दिवसाही चालूच असतात, आणि लाईट दाखवायला कुणी हात वर करत नाही. पण मी सांगतोय ते तात्या गेल्यानंतर दोनेक महिन्यांनी घडलं. शैलाताई सांगलीच्या एका दवाखान्यात कामाला लागली होती, रोज त्याच रस्त्यानं, त्याच गाडीनं जायची. बॅटरी बदलायला ती माझ्याकडे आली. काम करता करता मला ती टेप गुंडाळलेली वायर दिसली. दोन मिनिटांचं काम होतं.

"ताई," मी म्हणालो, "हे दिवसाचे दिवे जोडून देऊ का आता?"

ती गाडीच्या डाव्या सीटकडे बघत होती. सीट रिकामी होती, पट्टा जागेवर गुंडाळलेला.

"एसटीवाले अजून हात करतात रे," ती म्हणाली. "रोज. मीही करते." मग तिनं बॉनेट स्वतःच्या हातानं खाली ओढलं. "नको जोडूस. मिसळतील."